वाटीतले चिंचोके

शुक्रवार पेठेतल्या आमच्या जुन्या घरात, माजघराच्या कोनाड्यात, एक पितळेची वाटी असे आणि तिच्यात वीस चिंचोके असत. माझे वडील, अण्णा, पहाटे पावणेपाचला उठत, चूळ भरून ती वाटी खिडकीच्या फळीवर ठेवत आणि बैठकांना सुरुवात करत. पंचवीस बैठका झाल्या की वाटीतला एक चिंचोका उचलून फळीवर ठेवायचा, पुन्हा पंचवीस, पुन्हा एक चिंचोका. विसावा चिंचोका फळीवर गेला की पाचशे बैठका पुऱ्या झाल्या. मग ते चिंचोके ओंजळीने परत वाटीत जात आणि वाटी कोनाड्यात. माझी झोप अनेकदा त्या बारीक टक्क आवाजाने चाळवे, आणि आवाज मोजता मोजताच मी पुन्हा झोपी जात असे.

अण्णा लग्नाआधी तालमीत कुस्ती खेळत. पुढे संसार, छापखान्यातली नोकरी आणि आम्ही तीन भावंडे यांत कुस्ती सुटली. मेहनत मात्र सुटली नाही. तालमीत व्यायामाला मेहनत म्हणतात, आणि अण्णांच्या तोंडी कायम तोच शब्द होता. छापखान्यात जाताना ते वाट वाकडी करून तालमीत जात, कुस्तीच्या हौद्याच्या कडेला वाकून चिमूटभर तांबडी माती कपाळाला लावत, मारुतीला नमस्कार करत आणि मगच कामाला जात. अंगात ताप असला तरी हा नेम चुकत नसे. ‘आज जोर नाहीत, बैठका नाहीत, मग जायचं कशाला?’ असे आईने एकदा विचारले होते. ‘हजेरी लावून येतो,’ एवढेच ते म्हणाले. तालमीत मुलींनी जायची रीत तेव्हा नव्हती. कधी अण्णांचा डबा द्यायचा राहिला म्हणून मी धावत गेले, तर दाराशीच उभी राहून आत पाहत असे: ताक, तेल आणि हळद घालून मळलेली माती, भिंतीला टेकवलेल्या, व्यायामाला फिरवायच्या लाकडी जोड्या, आणि त्या मातीचा ओलसर, थोडासा आंबूस वास. पुणे हे जुन्या तालमींचे शहर. १९२४ साली कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी इथेच महाराष्ट्रीय मंडळ ही व्यायामाची संस्था स्थापन केली. तरीही व्यायामाची ही एवढी मोठी परंपरा आमच्या घरातल्या बायकांपर्यंत, एका उंबरठ्याच्या अंतरावर असूनही, पोचली नव्हती.

हे सगळे मला नव्याने आठवू लागले ते २०१७ साली, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी. पाळी थांबून वर्ष झाले होते आणि कंबर सतत धरत होती, म्हणून डॉक्टरांनी हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करायला सांगितली. मणक्याचा टी-स्कोअर उणे १.९ आला. उणे १ आणि उणे २.५ यांच्या दरम्यानचा आकडा म्हणजे हाडे विरळ होऊ लागल्याची खूण, उणे २.५ किंवा त्याखाली गेला तर त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. पाळी थांबली की शरीरातले इस्ट्रोजेन कमी होते, हाड झिजवणाऱ्या पेशींवरचा त्याचा लगाम सैल होतो आणि पुढची काही वर्षे ही झीज वेगाने होत राहते. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि विचारले, ‘व्यायाम काय करता?’ मी मोठ्या समाधानाने सांगितले की आठवड्यातून चार दिवस पर्वती चढते, १०३ पायऱ्या, न थांबता. ‘ते सोडू नका,’ त्या म्हणाल्या, ‘पण हाडांना ओझं लागतं. वजनं उचलायला शिका.’

हाडांना ओझे लागते, या वाक्याने मी कितीतरी दिवस विचारात पडले होते. हाड म्हणजे घराच्या खांबासारखी एकदा उभी केलेली आणि मग नुसती जुनी होत जाणारी वस्तू, असेच मी समजत आले होते. प्रत्यक्षात हाड आयुष्यभर स्वतःला मोडत आणि बांधत असते. ज्युलियस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने १८९२ मध्येच मांडले होते की हाडावर जसा भार पडतो तशी त्याची घडण होत जाते. मोडण्याचे आणि बांधण्याचे एक आवर्तन पुरे व्हायला काही महिने लागतात. याचा अर्थ असा की आज उचललेल्या वजनाचा जाब हाड पुढच्या सहामाहीत देणार, आणि तोही एकट्या आजच्या वजनाचा देणार नाही, तर आज, परवा, तेरवा आणि त्यापुढच्या सगळ्या दिवसांच्या बेरजेचा देणार. ज्या कामाचे फळ इतक्या लांबणीवर पडते ते काम उत्साहाच्या भरवशावर चालणार नाही, हे मला पहिल्याच महिन्यात कळायला हवे होते. ते कळायला मला पाच वर्षे लागली, आणि हा लेख मुख्यतः त्या पाच वर्षांविषयी आहे.

पहिल्या जिमने वर्षाची फी एकदम घेतली आणि तीन महिन्यांत कुलूप लावले. दुसरी जिम नवी पेठेत, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, घरापासून चालत बारा मिनिटांवर. हे बारा मिनिटांचे अंतर मी मुद्दाम लिहीत आहे. कोथरूडमध्ये याहून मोठी, वातानुकूलित, आरसेच आरसे असलेली जिम मी पाहून आले होते. परंतु तिथे जायला दुचाकी काढावी लागली असती, आणि कर्वे रस्त्यावरची संध्याकाळची गर्दी ज्याला ठाऊक आहे त्याला ‘आज राहू दे’ म्हणायला वेगळे कारण शोधावे लागत नाही. नेम टिकवायचा असेल तर त्याच्या वाटेतले अडथळे आधी मोजावेत, असे मी आता कोणालाही सांगते.

तिथला प्रशिक्षक माझ्या मुलाच्या वयाचा. पहिल्या दिवशी त्याने मला लोखंडी बार उचलूच दिला नाही. पंधरवडाभर हातात हलकी काठी देऊन कमरेतून वाकायला शिकवले. पाठ सरळ ठेवून नितंब मागे नेत वाकणे ही साधी गोष्ट आहे असे वाटते, परंतु जन्मभर पाठीतून वाकून केर काढलेल्या बाईला ती नव्याने शिकावी लागते. तिसऱ्या आठवड्यात बार आला. रिकामा बारच २० किलोचा असतो. दोन्ही टोकांखाली ठोकळे ठेवून तो नडगीच्या मध्यापर्यंत उंच केला आणि मग मी तो उचलला. बारवर बारीक चौकड्यांची खरखर असते, ती पकड सुटू नये म्हणून. त्या दिवशी घरी आल्यावर तळहातावर त्या चौकड्यांचे लालसर ठसे किती तरी वेळ दिसत होते, आणि मला ते पुन्हा पुन्हा पाहावेसे वाटत होते.

पुढचे दीड वर्ष विलक्षण सुखाचे गेले. दर काही आठवड्यांनी अडीच किलो वाढत होते. वीसाचे तीस, तीसाचे चाळीस, आणि डिसेंबर २०१८ मध्ये डेडलिफ्टचे, म्हणजे बार खालून उचलून सरळ उभे राहण्याच्या व्यायामाचे, साठ किलो झाले. अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या शंभर पानी वहीत मी प्रत्येक दिवसाचे आकडे लिहीत असे, आणि पाने उलटली की आकडे चढत गेलेले दिसत. जिममध्ये सव्वा किलोच्या चकत्यांची एकच जोडी होती आणि ती नेहमी दुसऱ्याच्या बारवर असे, म्हणून मी माझी स्वतःची जोडी विकत घेतली. आईने ती जुन्या खणाच्या कापडात गुंडाळून दिली, लोखंडाने पिशवी काळी होऊ नये म्हणून. दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलो, म्हणजे अडीच किलो. त्या दोन चकत्या बारवर सरकवताना जो आनंद होई तो मी इतर कोणत्याही गोष्टीत अनुभवलेला नाही.

याच काळात मी या विषयावर मिळेल ते वाचत होते. मायलोची गोष्ट तेव्हाच वाचली. इसवीसनापूर्वी सहाव्या शतकात, ग्रीकांच्या क्रोटन नगरात, मायलो नावाचा मल्ल होऊन गेला; तो रोज एक वासरू खांद्यावर घेऊन चालत असे अशी दंतकथा आहे. वासरू वाढत गेले, तशी मायलोची ताकदही वाढत गेली, आणि अखेर तो पुरा वाढलेला बैल उचलू लागला. या दंतकथेतले तत्त्व शास्त्राच्या चौकटीत नीट बसवले ते अमेरिकी लष्करातले डॉक्टर थॉमस डेलॉर्म यांनी. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी शिकागोच्या लष्करी रुग्णालयात गुडघे निकामी झालेले सैनिक भरून गेले होते, आणि अशा सांध्यांना जपूनच वागवावे हा तेव्हाचा शिरस्ता होता. डेलॉर्मनी त्यांना जड वजने द्यायला सुरुवात केली, आठवड्याआठवड्याने ती वाढवली, आणि १९४५ मध्ये आपले निष्कर्ष छापले. आज कोणत्याही जिममध्ये ‘दहा-दहाचे तीन सेट’ असे जे सांगतात, त्याचे मूळ त्यांनी पुढे १९४८ च्या सुमारास बसवून दिलेल्या घडीत आहे. वजन हळूहळू वाढवत न्यायचे, हे या शास्त्राचे पहिले कलम, आणि ते खरेच आहे.

२०१८ मध्येच ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाच्या संशोधकांनी पाळी थांबलेल्या आणि हाडे विरळ झालेल्या १०१ स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या निम्म्या स्त्रियांनी प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली, आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, पाच-पाचचे पाच सेट अशी जड वजने आठ महिने उचलली. इतरांनी घरी हलका व्यायाम केला. वजने उचलणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्के वाढली आणि इतरांची १.२ टक्के घटली. आकडे दिसायला लहान आहेत, पण ज्या वयात उतार हाच नियम समजतात त्या वयातला हा चढ आहे. मी तो लेख छापून घेतला आणि डॉक्टरांना नेऊन दाखवला. त्यांनी तो माझ्याकडून ठेवून घेतला.

मग मार्च २०२० आला. जिमला टाळे लागले ते २५ ऑक्टोबरपर्यंत, दसऱ्यापर्यंत. त्या सात महिन्यांत मी घरी काय काय उचलले ते सांगत बसत नाही. माळ्यावरून अण्णांची लाकडी जोडी काढली, तांदळाची पिशवी मिठीत धरून उठाबशा काढल्या. नेम पुष्कळदा मोडला. कुठे आठवडा, कुठे तीन आठवडे वही कोरी आहे. दसऱ्याला दार उघडले तेव्हा प्रशिक्षकाने बारला झेंडूची माळ घातली होती, चकत्यांच्या उतरंडीला हळदकुंकू लावले होते आणि आम्ही सगळे तोंडाला मास्क लावून, अंतर राखून उभे होतो. शस्त्रपूजेच्या दिवशी आपली अवजारे पुजावीत, ही आपली जुनी रीत मला त्या दिवशी फार आपली वाटली. मी चाळीस किलोंपासून पुन्हा सुरुवात केली. गमावलेली ताकद पहिल्यांदा मिळवायला जितका वेळ लागला होता त्याहून खूप लवकर परत येते, हे मी स्वतः अनुभवले. उंदरांवरच्या प्रयोगांत ऑस्लोच्या संशोधकांना २०१० मध्ये असे दिसले होते की वाढलेल्या स्नायूतंतूंनी मिळवलेली जादा पेशीकेंद्रे स्नायू रोडावल्यावरही टिकून राहतात. माणसाच्या बाबतीत यावर अजून वाद चालू आहे.

२०२२ च्या गणपतीत डेडलिफ्ट सत्तर किलोंवर पोचला, आणि तिथे थांबला.

तो चौदा महिने थांबला. त्या वर्षीची वही आजही माझ्यासमोर आहे. सप्टेंबरात सत्तर, पाच वेळा. ऑक्टोबरात सत्तर, पाच वेळा. नोव्हेंबरात साडेबाहत्तर करून पाहिले, बार नडगीपासून वीतभर वर आला आणि तिथूनच खाली गेला. जानेवारीत पुन्हा सत्तर. मी जेवण तपासले, सकाळी मटकीची उसळ आणि संध्याकाळी पनीर वाढवले, रात्री साडेदहाला झोपू लागले. प्रशिक्षकाने दर पाचव्या आठवड्याला वजने उतरवून शरीराला विसावा दिला, पाचाचे तीन केले, तीनाचे आठ केले. बार सत्तरावरच राहिला. त्या खणातल्या सव्वा किलोच्या चकत्या मी पिशवीतून नेत होते आणि न काढताच परत आणत होते.

या चौदा महिन्यांत जिम सोडावी असे मला जितक्या वेळा वाटले, तितके आजारपणातही वाटले नव्हते. तोवर मला कोणी विचारले असते की तू इतकी नियमित कशी, तर मी जिद्द, शिस्त असे काही उत्तर दिले असते. खरे उत्तर असे होते की दर काही आठवड्यांनी अडीच किलो वाढत होते आणि ते अडीच किलो मला तिथे ओढून नेत होते. पहिल्या काही महिन्यांतली वाढ ही मोठ्या अंशी स्नायूंचीही नसते. जे स्नायू आधीपासून होतेच त्यांना एकाच वेळी कामाला लावायला मेंदू आणि मज्जातंतू शिकतात, हे १९७९ मध्येच मोरितानी आणि डिव्हरीज या संशोधकांनी दाखवले आहे. स्नायूंची वाढ मागून, सावकाश येते, आणि वय उतरणीला लागलेले असेल तर आणखी सावकाश. म्हणजे मला जे माझे सातत्य वाटत होते ते नवशिक्याच्या वाट्याला येणारे सुगीचे दिवस होते. सुगी संपली आणि सातत्य म्हणून माझ्याजवळ काय आहे हे पाहायची वेळ आली.

मायलोच्या गोष्टीतला बैल तेव्हा मला फार त्रास देऊ लागला. बैल तीन-चार वर्षांत पुरा वाढतो आणि मग वाढायचा थांबतो. गोष्ट तिथेच संपते. त्यानंतरच्या सकाळी मायलो उठला तेव्हा त्याने काय केले? कालच्याएवढाच बैल आज पुन्हा उचलायचा, उद्याही तोच, यात त्याला काय वाटले असेल? वजन वाढवत नेण्याचे शास्त्र सांगणाऱ्या लेखांत याचे उत्तर मला कुठेच सापडेना, कारण ते शास्त्र वाढीचे आहे, आणि माझा प्रश्न वाढ थांबल्यानंतरच्या वर्षांचा होता. माणसाच्या आयुष्यात अशी वर्षेच जास्त असतात.

उत्तर सापडले ते कोनाड्यातल्या वाटीत. एका रविवारी आईशी बोलताना विषय निघाला. मी म्हणाले, वर्ष होऊन गेले, आकडा हलत नाही. आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘तुझ्या अण्णांच्या पाचशे होत्या ना, त्या माझं लग्न झालं तेव्हाही पाचशेच होत्या.’ मी थबकले. माझ्या जन्माआधीपासून ते मी कॉलेजात जाईपर्यंत, वीस वर्षांहून अधिक काळ, त्या वाटीत वीसच चिंचोके होते. एकविसावा त्यांनी कधी टाकला नाही. ताकद होती, वेळ होता, पण पाचशे हा त्यांचा नेम होता आणि नेम वाढवायचा नसतो, पाळायचा असतो, अशी त्यांची समजूत असावी. माझ्या मनात आलेली पुढची आठवण याहूनही मोलाची आहे. त्यांच्या पन्नाशीत केव्हातरी वाटीत सोळा चिंचोके दिसू लागले होते. साठीत दहा. गुडघे दुखायला लागले तेव्हा ते खिडकीचा गज धरून बैठका काढत, आणि वाटीत चार चिंचोके असत. २०१४ मध्ये ते गेले त्या वर्षी त्यांना बैठका होत नव्हत्या, पण सकाळी वाटी खिडकीच्या फळीवर ठेवलेली असे. आकडा चाळीस वर्षांत पाचशेवरून शून्यापर्यंत आला आणि नेम एकदाही मोडला नाही. चिंचोके काढून घेताना त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी हरल्याची छाया पाहिली नाही. जणू वाटी त्यांची होती आणि चिंचोके केवळ त्या त्या वयाचे होते.

डेलॉर्म आणि अण्णा यांच्यात मला आता विरोध दिसत नाही. जोवर चढण आहे तोवर वजन वाढवलेच पाहिजे, नाहीतर हाड आणि स्नायू ढिम्म राहतात. माझ्या हाडांना त्या सत्तर किलोंची गरज होती आणि तिथवर मला अण्णांच्या पद्धतीने जाता आले नसते. पण चढण कोणाचीही संपते, आणि त्यानंतर तिथे टिकून राहण्याची रीत मला तालमीने शिकवली, जिच्या आत मी कधी पाऊल टाकले नव्हते. वस्ताद पठ्ठ्याला आज किती झाले हे विचारतात तसे काल का आला नाहीस हेही विचारतात, आणि दुसरा प्रश्न अधिक कडक आवाजात विचारतात, असे अण्णा सांगत.

म्हणून मी माझी वही बदलली. आधी तारखेखाली पहिला रकाना वजनाचा होता. आता पहिला रकाना हजेरीचा आहे, त्यात फक्त फुली असते, आणि वजनाचे आकडे उजवीकडे शेवटी. सोमवार, बुधवार आणि शनिवार, सकाळी सव्वासहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा असे म्हटले आहे. मी तीन ठरवले, म्हणजे एक हातचा राहतो. पालखी शहरात मुक्कामाला असते तेव्हा आणि विसर्जनाच्या दिवशी रस्ते बंद असतात, तेव्हा हातचा उपयोगी पडतो. अंगात त्राण नसेल त्या दिवशी मी जाते, रिकामा बार पाच वेळा उचलते, फुली मारते आणि घरी येते. मला हे आधी फसवणूक वाटले असते. आता वाटत नाही, कारण त्या दिवशीची पाच उचल हाडासाठी नसते, ती बुधवारसाठी असते.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ लोकांना एकेक नवी सवय लावून घ्यायला सांगून तिचा मागोवा घेतला होता. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कोणाला १८ दिवस पुरले आणि कोणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. या अभ्यासातला सरासरीचा आकडाच सगळीकडे फिरतो. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते: एखादा दिवस चुकला तर सवय घडण्यात फारसे बिघडत नाही. माझ्या वहीत आठ वर्षांत कितीतरी कोऱ्या जागा आहेत. आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन, मुलाचे लग्न, माझा चिकुनगुन्या. चिकुनगुन्यानंतर अडीच महिने सांधे इतके आखडले होते की पाण्याचा तांब्याही दोन हातांनी धरावा लागे. त्या काळात मी दर शनिवारी वहीत तारीख मात्र लिहीत असे, खाली काहीच नसे. परत गेले तेव्हा पान शोधावे लागले नाही.

साडेबाहत्तर किलो नोव्हेंबर २०२३ मध्ये उचलले गेले, दिवाळीनंतरच्या एका बुधवारी. प्रशिक्षकाने टाळ्या वाजवल्या, शेजारी बेंच प्रेस करणारा कॉलेजचा मुलगा उठून ‘काकू, भारी!’ म्हणाला. आनंद झालाच. पण त्या दिवसाची वही पाहिली तर फुली नेहमीच्याच आकाराची आहे. त्याच वर्षी केलेल्या डेक्सात मणक्याचा टी-स्कोअर उणे १.६ आला. यात व्यायामाचा वाटा किती आणि औषधांचा किती हे वेगळे काढता येत नाही, असे डॉक्टर म्हणाल्या, आणि दोन्ही चालू ठेवा, असेही म्हणाल्या. गेल्या वर्षापासून उजवा खांदा कुरकुरतो, म्हणून मी डेडलिफ्ट पासष्ट किलोंवर आणला आहे. पहिल्यांदा चकत्या कमी करताना हात जरासा अडखळला. मी अण्णांच्या सोळा चिंचोक्यांची आठवण केली आणि चकत्या जागेवर ठेवल्या.

या पावसाळ्यात एक नवीन गोष्ट झाली. आई आता एकोणऐंशी वर्षांची आहे. पंगतीला पाटावर बसायची तिला फार हौस, पण जमिनीवर बसले की उठता येत नाही म्हणून तिने ते सोडले होते, आणि अलीकडे खुर्चीतून उठतानाही दोन्ही हातांनी टेबल धरत असे. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या बोस्टनमधल्या एका अभ्यासात सरासरी नव्वदीतल्या दहा दुबळ्या वृद्धांना आठ आठवडे मांड्यांसाठी वजनाचा व्यायाम दिला होता. शेवटपर्यंत टिकलेल्या नऊ जणांची ताकद सरासरीने जवळजवळ पावणेतीन पट झाली, हे मी तिला वाचून दाखवले. तिने ते ऐकून घेतले आणि काही बोलली नाही. दोन दिवसांनी मी जिमला निघाले तेव्हा ती भिंतीला टेकवलेल्या खुर्चीत बसली होती आणि हात गुडघ्यांवर ठेवून उठत होती, बसत होती, उठत होती. तिच्या डॉक्टरांना विचारून, मी शेजारी उभी राहून, आता रोज सकाळी हे चालते. महिन्याभराने हात गुडघ्यांवरून सुटले आणि छातीवर आले.

परवा तिने कोनाड्यातली वाटी मागितली. या घरात कोनाडा नसल्यामुळे ती मी पुस्तकांच्या कपाटात ठेवली आहे. चिंचोके आता आमच्याकडे नव्हते, म्हणून मी तुळशीबागेच्या कडेला बसणाऱ्या म्हातारीकडून चिंच आणली, बिया धुऊन वाळवल्या आणि सात चिंचोके वाटीत घालून तिच्यापुढे ठेवली. एका चिंचोक्याला पाच उठाबशा, असा माझा हिशेब होता. आईने ते मोजले, त्यांतले दोन उचलून माझ्या हातावर ठेवले आणि वाटी खिडकीत नेऊन ठेवायला सांगितली.